वळूवरची आठ सेकंदं: बुल रायडिंगचे धोके आणि गेलेले स्वार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जानेवारीत डेन्व्हर, मार्चमध्ये ह्यूस्टन, जुलैत कॅल्गरी आणि शायन. अमेरिका-कॅनडात राहणारी बरीच मराठी कुटुंबं एकदा तरी रोडिओ, म्हणजे काउबॉयांच्या खेळांची स्पर्धा, बघायला जातात आणि शेवटी येणारं बुल रायडिंग बघून गप्प होऊन घरी येतात. मग प्रश्न सुरू होतात. माणसं मरतात का यात? मरतात तर थांबवत का नाहीत? अंगावरचं ते जॅकेट कशासाठी? त्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. गेलेल्या स्वारांची नावं मुद्दाम त्या त्या प्रश्नातच आली आहेत. या खेळात सुरक्षिततेचे जे नियम आणि जी साधनं आहेत, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींमागे एखादा गेलेला किंवा जायबंदी झालेला स्वार आहे. तो कोण आणि त्याला नेमकं काय झालं, हे कळल्याशिवाय नियमही नीट कळत नाही.

आठ सेकंदं म्हणजे नेमकं काय?

स्वाराने एका हाताने दोरी धरून वळूच्या पाठीवर ८ सेकंदं टिकायचं. वळूचा खांदा किंवा पुठ्ठा फाटकाबाहेर आला की घड्याळ सुरू. मोकळा हात वळूला, स्वतःच्या अंगाला किंवा दोरीला लागला की स्वारी बाद. पूर्ण ८ सेकंदं झाली तर १०० पैकी गुण मिळतात, त्यातले निम्मे स्वाराचे आणि निम्मे वळूचे. त्यामुळे गरीब वळूवर आरामात बसून राहिलेल्याला फारसं काही मिळत नाही, आणि चांगले गुण हवे असतील तर वळूही तितकाच वाईट मिळावा लागतो. आपल्या वाट्याला जास्तीत जास्त धोकादायक जनावर यावं अशी इच्छा स्वारच करतात, ती या हिशेबामुळे.

बाहेरच्याला ८ सेकंदं किरकोळ वाटतात. बहुतेक स्वाऱ्या त्याआधीच संपतात.

बैल म्हणायचं की वळू?

वळू. आपल्याकडे बैल म्हटलं की खच्ची केलेला, कामाला जुंपलेला, वेसण घातलेला प्राणी डोळ्यांपुढे येतो. रोडिओतलं जनावर खच्ची केलेलं नसतं, त्याला वेसण नसते, कासरा नसतो. वजन साधारण ५५० ते ९०० किलो. व्यावसायिक स्पर्धेतला वळू बहुतेक वेळा ७०० किलोंच्या आसपास असतो. शिंगांची टोकं कापून बोथट केलेली असतात. अर्ध्या डॉलरच्या नाण्याएवढी, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर रुंद, हे त्याचं रूढ माप. त्यामुळे शिंग अंगात घुसण्याचा धोका कमी होतो. शिंगाचा धक्का मात्र तेवढाच राहतो, आणि घात धक्क्याने होतो. हे पुढे लेन फ्रॉस्टच्या बाबतीत दिसेल.

या वळूंचा आणि आपल्या गुराढोरांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि ऐकून बरेच जण चकित होतात. उड्या मारणाऱ्या वळूंच्या रक्तात अमेरिकन ब्राह्मन या जातीचा मोठा वाटा आहे. वशिंड, लोंबते कान आणि गळ्याखालची पोळी बघितली की ओळख पटते. ही जात अमेरिकेत भारतीय गुरांपासून तयार झाली: गीर, गुजरात (म्हणजे कांक्रेज), नेल्लोर (म्हणजे ओंगोल) आणि कृष्णा व्हॅली. यातली शेवटची आपल्या कृष्णाकाठची, सांगली-सोलापूरपासून बेळगाव-बागलकोटपर्यंतची. जातीची नोंद ठेवणारी अमेरिकी संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. उन्हाला न डगमगणारी, गोचीड-माशांना दाद न देणारी जात म्हणून टेक्सासच्या पशुपालकांनी ती उचलली. चपळाई आणि अंगातली रग तिच्याबरोबर आली. पुढे उल्लेख येईल तो बोडेशस हा वळू शारोले आणि ब्राह्मन यांच्या संकरातला होता.

सगळ्यात धोक्याची वेळ कोणती?

लोकांना वाटतं उड्या सुरू असताना. खरं तर पाठ सुटल्यानंतरची तीन-चार सेकंदं. वळूच्या पाठीवर असताना स्वार त्याच्या खुरांच्या आणि शिंगांच्या आवाक्याबाहेर असतो. जमिनीवर आला की दोन्हींच्या आवाक्यात येतो, तोही बहुतेक वेळा आडवा, धाप लागलेला आणि तोंड कुठल्या दिशेला आहे हे न कळलेला.

वळू प्रत्येक वेळी मुद्दाम तुडवतो असं नाही. पुष्कळदा तो उडी मारत असतो आणि खाली माणूस असतो, एवढंच. पण ७०० किलोंचं जनावर उडीतून खाली येताना सगळा भार एका पायावर आला, तर तो तळहाताएवढ्या जागेतून छातीवर उतरतो. बरगड्या तुटून आत जाणं, यकृत किंवा प्लीहा फाटणं, हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी तुटणं, ही बुल रायडिंगमधल्या मृत्यूची नेहमीची कारणं. दुसरं कारण डोक्यावर पडलेला पाय.

हात दोरीत अडकतो म्हणजे काय होतं?

दोरी वळूच्या छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागून वेढलेली असते. ती वळूला गाठ मारून बांधलेली नसते. स्वार तळहात वर करून हातमोज्यातला हात मुठीच्या जागी घालतो, मदतनीस दोरीचं टोक ओढून ताण देतो, आणि ते टोक स्वार तळहातावरून घेऊन घट्ट मिटतो. मोज्यावर आणि दोरीवर राळ चोळलेली असते. घासून गरम केली की ती चिकट होते. पकड सोडली की दोरी सैल पडावी आणि खाली बांधलेल्या घंटेच्या वजनाने गळून पडावी, अशी ही रचना. घंटेचं खरं काम हे.

बिघडतं ते असं. उजव्या हाताने धरणारा स्वार वळूच्या डाव्या बाजूला पडला, तर त्याचा उजवा हात वळूच्या पाठीवरून आडवा ताणला जातो, मनगट उलटं फिरतं आणि दोरी हातावर पीळ घेऊन आवळते. मूठ उघडली तरी हात सुटत नाही. काही स्वार जास्त पकडीसाठी दोरीचं टोक करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधून काढतात. या प्रकाराला त्यांच्यात ‘आत्मघातकी वेढा’ म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही.

अडकलेल्या स्वाराने करायचं ते एवढंच: पाय जमिनीवर ठेवायचे, वळूच्या खांद्याला चिकटून त्याच्याबरोबर पळायचं आणि मोकळ्या हाताने दोरीचं टोक शोधायचं. पाय सुटले की माणूस चिंधीसारखा हेलपाटतो, खांदा निखळतो आणि धड वळूच्या पोटाखाली जायला लागतं.

‘विहिरीत पडणं’ हा शब्द सारखा ऐकू येतो. तो काय?

वळू गोल फिरायला लागला की त्या भोवऱ्याच्या आतल्या बाजूला ‘विहीर’ म्हणतात. बाहेरच्या बाजूला पडलेला स्वार निदान लांब फेकला जातो. आत पडलेला जिथे पडतो, नेमका तिथेच वळू पुन्हा येत असतो. उजव्या हाताचा स्वार, डावीकडे फिरणारा वळू, स्वार डावीकडे आत कोसळतो आणि हात अडकतो, म्हणजे दोन्ही संकटं एकदम. हे घडताना दिसलं की जुने स्वार कुंपणावरून आत उड्या टाकतात, कुणी बोलवायची वाट बघत नाहीत.

मग उतरायचं कसं? त्याची काही पद्धत असते का?

असते, आणि चांगल्या प्रशिक्षणात चढण्याआधी उतरणं शिकवतात. ज्या हाताने दोरी धरली आहे, शक्यतो त्याच बाजूला उतरायचं. वळूचं मागचं अंग वर गेलं की त्या उसळीचा उपयोग करून पाय पलीकडून आणायचा आणि शेपटीच्या दिशेला, डोक्यापासून दूर पडायचं. पायांवर आलात तर उत्तम. हातापायांवर आलात तरी थांबायचं नाही, तसंच रांगत पळायचं. वळू कुठे आहे हे बघायला मान वळवण्यात गेलेला क्षण महागात पडतो. कुंपण दिसलं की चढायचं, गुण नंतर बघायचे.

नवखे स्वार दोन चुका हमखास करतात. ८ सेकंदं संपल्याची घंटा झाली की आनंदात पकड एकदम सोडतात आणि वळू जिकडे टाकेल तिकडे पडतात, किंवा उलट, हरलेली स्वारी वाचवायला इतका वेळ लोंबकळतात की पडायची बाजू त्यांच्या हातात उरत नाही.

रंगीत कपडे घालून धावणारे ते लोक विदूषक आहेत का?

एके काळी तसं म्हणत. आज त्यांना बुलफायटर म्हणतात. स्पेनच्या खेळाशी याचा संबंध नाही, यांच्याकडे हत्यार नसतं आणि वळूला इजा करायची नसते. काम एकच: पडलेला स्वार आणि वळू यांच्या मधे जाणं. मोठ्या स्पर्धेत बहुधा तिघं असतात. स्वाराचा हात अडकला तर एक जण वळूच्या तोंडापुढे राहून त्याचं डोकं आपल्याकडे ओढून घेतो, दुसरा स्वाराच्या बाजूने पाठीशी भिडून दोरीचं टोक ओढतो, तिसरा स्वार सुटला की त्याला उचलायला तयार असतो. वळू डोकं जिकडे नेतो तिकडे अंग नेतो, एवढ्या एका गोष्टीवर हे सगळं उभं आहे.

लोक तिकीट स्वारांसाठी काढतात. आमच्या मते मैदानावर सगळ्यात अवघड काम हे तिघं करतात. पुढच्या वेळी स्वार पडला की एकदा त्यांच्याकडे बघा.

संरक्षक जॅकेट कुठून आलं?

लेन फ्रॉस्टच्या मृत्यूतून.

लेन फ्रॉस्ट ओक्लाहोमातला, १९८७ चा विश्वविजेता. १९८८ मध्ये रेड रॉक या वळूबरोबर त्याच्या सात लढती ठरल्या. व्यावसायिक स्पर्धांमध्ये त्याआधी तीनशेहून अधिक प्रयत्नांत कुणालाही न जमलेला हा वळू, आणि लेन त्याच्यावर सातपैकी चार वेळा टिकला. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधल्या शायन फ्रंटियर डेजमध्ये त्याने आपली ८ सेकंदं पूर्ण केली, ८५ गुण मिळाले. उतरला तो चिखलात, गुडघ्यांवर आणि हातांवर. वळू वळला आणि त्याने शिंगाने पाठीवर दाबलं. शिंग आत घुसलं नाही. लेन उठला, मदतीसाठी हात केला, चार पावलं चालला आणि पडला. तुटलेल्या बरगड्यांनी आतली मोठी रक्तवाहिनी फाडली होती. वय २५.

मैदानावर त्याचा मित्र कोडी लँबर्ट होता. शिंगाने कातडी फाटली नव्हती, मारलं होतं ते धक्क्याने, ही गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी घालतात त्या अंगरख्यापासून सुरुवात करून त्याने बुल रायडिंगसाठी जॅकेट बनवलं आणि १९९३ मध्ये ते स्वतः घालून उतरला. बाहेरून बंदुकीच्या गोळीपासून वाचवणाऱ्या जॅकेटसारखं चिवट कापड, आत दाट फोम. कापड शिंगाला अडवतं, फोम धक्का पसरवतो, म्हणजे एका बरगडीवर येणारा मार अख्ख्या पाठीवर वाटला जातो. आधी काहींनी नाकं मुरडली, पण फार थोड्या वर्षांत बिनजॅकेटचा स्वार दिसेनासा झाला. आज ते नसेल तर प्रोफेशनल बुल रायडर्स, म्हणजे पीबीआर, या संघटनेच्या स्पर्धेत फाटक उघडत नाही.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. जॅकेट अंगाला बसतं असायला हवं, कारण ढगळ असेल तर आपटल्यावर वर सरकतं आणि खालच्या बरगड्या उघड्या पडतात. आणि एकदा जोरात तुडवलं गेलेलं जॅकेट बदलायचं. दबलेला फोम बाहेरून तसाच दिसतो, पण पुढचा मार तो खात नाही.

जॅकेट असूनही मृत्यू होतो का?

होतो. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण जॅकेट घातलं की छाती सुरक्षित, हा समज धोक्याचा आहे.

१५ जानेवारी २०१९, डेन्व्हरचा नॅशनल वेस्टर्न स्टॉक शो. मिसूरीच्या एक्झिटर गावचा मेसन लोव पडला आणि वळूचा पाय छातीवर आला. अंगात जॅकेट होतं. वय २५, लेनएवढंच. २९ ऑगस्ट २०२१, कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातून आलेला अमादेउ कांपोस सिल्वा, वय २२. पडताना त्याच्या बुटाच्या टाचेवरचा स्पर, म्हणजे टोचणी, वळूच्या मागच्या, कमरेच्या दोरीत अडकला. त्यामुळे तो लांब फेकला न जाता वळूखाली ओढला गेला आणि पाय छातीवर पडला. मार्च २००० मध्ये अल्बुकर्कला गेलेला कॅनडाचा ग्लेन कीली, तोही असाच खाली सापडून, अंतर्गत जखमांनी.

जॅकेट धक्का पसरवतं, वजन उचलत नाही. शिंगाची धडक, कुंपणावर आपटणं, खुराचा निसटता फटका, हे सगळं त्याने सौम्य होतं. जमिनीवर पाठ टेकलेली असताना वरून आलेला पूर्ण भार मात्र पसरून जायला जागाच नसते, खाली जमीन आणि वर वळू. शिवाय मान, जांघ आणि ओटीपोट जॅकेटबाहेरच असतात.

हेल्मेट सगळे का घालत नाहीत?

सवय, आणि टोपीची परंपरा. काउबॉय टोपीत लहानाचे मोठे झालेले स्वार सांगतात की हेल्मेटने डोकं जड होतं, मान वेळेवर वळत नाही, हनुवटी छातीला टेकवून ठेवायला त्रास होतो. यात थोडं तथ्य आहे. मोठेपणी हेल्मेट घालायला लागलेल्याचा तोल खरंच बिघडतो. म्हणूनच पीबीआरने सोडवणूक हुशारीने केली: १५ ऑक्टोबर १९९४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं. जुन्यांना सवयीसह निवृत्त होऊ द्यायचं, नव्यांना टोपीची सवयच लागू द्यायची नाही. आज तरुण स्वारांच्या रांगेत लोखंडी जाळीची हेल्मेटंच दिसतात.

हेल्मेटच्या बाजूने सगळ्यात बोलका दाखला टफ हेडमन या स्वाराचा, लेनच्या मित्राचा. ऑक्टोबर १९९५, लास वेगास, बोडेशस नावाचा वळू. याची खोड अशी की मागचं अंग जोरात उडवून स्वाराला पुढे झुकवायचं आणि त्याच क्षणी डोकं मागे फेकायचं. टफच्या चेहऱ्याची हाडं चुरा झाली, ती टायटॅनियमच्या पट्ट्यांनी जोडावी लागली. दोन महिन्यांत रोडिओच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत हाच वळू पुन्हा वाट्याला आला, तेव्हा टफने फाटक उघडायला लावलं आणि वळूला एकट्यालाच जाऊ दिलं. त्याच स्पर्धेत स्कॉट ब्रीडिंग हॉकीचा मुखवटा घालून बोडेशसवर बसला आणि मुखवट्यासकट चेहरा फुटला. दुसऱ्या दिवशी मालकाने वळूला कायमचं निवृत्त केलं. वाचकांनी यातून घ्यायची व्यवहाराची गोष्ट ही, की दुसऱ्या खेळाचा मुखवटा चालत नाही. हेल्मेट याच खेळासाठी बनवलेलं हवं, आणि एक जोरदार आदळ बसला की तेही बदलायचं.

१९९४ च्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत टेक्सासचा ब्रेंट थर्मन रेड वुल्फ या वळूवरून पडला आणि पाय डोक्यावर आला. सहा दिवसांनी तो गेला. तोही २५ चा.

डोक्याला मार लागला पण उठून चालायला लागला. मग काळजीचं कारण आहे का?

आहे. आमच्या मते या खेळातला आज सगळ्यात कमी लेखलेला धोका हाच. मेंदूला हादरा बसायला बेशुद्ध पडावं लागत नाही, डोकं कुठे आपटावंही लागत नाही. मानेला बसलेला झटका पुरतो. म्हणजे पूर्ण केलेल्या, गुण मिळालेल्या स्वारीतही तो बसू शकतो, आणि हेल्मेट त्याला रोखू शकत नाही. हेल्मेट कवटी वाचवतं. आतला मेंदू कवटीवर आदळायचा तो आदळतोच.

लक्षणं: प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, आपण कुठल्या गावी आहोत हे न आठवणं, उजेड सहन न होणं, मळमळ, तोल जाणं, कारण नसताना चिडणं किंवा रडू येणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी पुन्हा वळूवर बसायचं नाही. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीव जाऊ शकतो. परत यायचं ते पायऱ्यांनी: आधी एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग हलका व्यायाम, मग सराव, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, लक्षण परतलं की एक पायरी मागे, आणि शेवटची परवानगी डॉक्टरची. हंगामाच्या सुरुवातीला धडधाकट असताना स्मरणशक्तीची आणि तोलाची चाचणी करून ठेवली तर नंतर तुलना करता येते.

अडचण पैशाची आहे. बहुतेक स्वारांना पगार नसतो. स्वारी नाही तर कमाई नाही, आणि प्रवेश फी खिशातून भरलेली असते. त्यामुळे चक्कर लपवली जाते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातला टाय पोझोबॉन २०१६ चा पीबीआर कॅनडाचा विजेता होता. अनेकदा डोक्याला मार लागलेला. ९ जानेवारी २०१७ रोजी त्याने आपलं आयुष्य संपवलं. वय २५. घरच्यांनी त्याचा मेंदू संशोधनासाठी दिला आणि वारंवारच्या हादऱ्यांनी होणारा सीटीई हा आजार त्यात सापडला. व्यावसायिक बुल रायडरमध्ये सिद्ध झालेली ही पहिली घटना. हा आजार जिवंतपणी खात्रीने निदान करता येत नाही. त्याच्या नावाची संस्था आज स्वारांच्या मेंदूच्या आणि मनाच्या आरोग्यासाठी काम करते. (वाचताना कुणाच्या मनात स्वतःविषयी असे विचार येत असतील तर भारतात १४४१६, अमेरिका-कॅनडात ९८८ हा क्रमांक आहे. बोला.)

जीव वाचला पण आयुष्य बदललं, असंही होतं का?

जेरोम डेव्हिस. नॉर्थ कॅरोलिनाचा, १९९५ चा विश्वविजेता. मार्च १९९८ मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थला वळूच्या डोक्यावर त्याचं डोकं आदळलं, तो पडला आणि छातीखालचं अंग गेलं. पुढे त्याने चाकाच्या खुर्चीतून वळू पाळले, वाढवले, स्पर्धा भरवल्या. त्याच वर्षी पीबीआरचा जायबंदी स्वारांसाठीचा निधी उभा राहिला, आणि त्याखेरीज जस्टिन काउबॉय क्रायसिस फंडही मदत करतो.

फाटक उघडण्याआधीही धोका असतो?

असतो आणि प्रेक्षकांना तो दिसत नाही. स्वार लोखंडी नळ्यांच्या अरुंद पिंजऱ्यात वळूवर बसलेला असतो. वळू एका अंगाला रेलला की गुडघा आणि घोटा नळीत चेपतात, आणि पुढचे पाय उचलले की स्वाराचं तोंड समोरच्या नळीवर आपटतं. म्हणून एक जण कायम वरून त्याच्या जॅकेटला छातीशी हात घालून उभा असतो. वळू उसळला की स्वाराला सरळ वर ओढून घ्यायचं. हा माणूस विश्वासातला असावा लागतो, दिसेल त्याला उभं करत नाहीत.

वळूला त्रास देऊन उड्या मारायला लावतात का?

कमरेला बांधलेली दोरी नाजूक जागी आवळलेली असते, हे खरं नाही. ती मऊ सुती दोरी पुठ्ठ्यांच्या पुढे, पोटाभोवती असते आणि तिला झटकायला म्हणून वळू मागचे पाय जास्त उडवतो. उड्या मुळात रक्तातल्या, त्यासाठीच पैदास केलेली. स्परच्या चकत्या बोथट असतात. पण वळूंनाही दुखापत होते, पाय मोडतात, आणि मैदानात जनावर मनाविरुद्ध आणलेलं असतं हा प्राणिमित्रांचा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर वर्षानुवर्षं कोर्टात जे वाद झाले, ते ज्यांनी पाहिलेत त्यांना दोन्ही बाजू वेगळ्या सांगायला नकोत.

प्रेक्षकांना धोका किती?

कमी, पण शून्य नाही. जून २०२४ मध्ये ओरेगनच्या सिस्टर्स गावी पार्टी बस नावाचा वळू कुंपण ओलांडून बाहेर पडला आणि काही जण जखमी झाले. लहान गावच्या रोडिओत पहिल्या रांगेऐवजी चार-पाच रांगा वर बसा, मुलांना कुंपणावर चढू देऊ नका, आणि जनावरं आणण्या-नेण्याच्या वाटेत खाण्याच्या रांगा लावू नका. वळू सुटला तर पळत गर्दीत शिरू नका, गाडी, खांब, पायऱ्या, जे आड मिळेल त्याच्यामागे किंवा त्यावर जा.

आमच्या मुलाला मटन बस्टिंगमध्ये उतरवू का?

साधारण ५ ते ७ वर्षांची मुलं मेंढीवर बसतात, तो हा प्रकार. हेल्मेट आणि जॅकेट आयोजक देत असतील, ते मुलाच्या मापाचं असेल आणि सोबत धावणारा माणूस असेल तर हरकत नाही. मोठ्यांचं हेल्मेट डोक्यावर डुगडुगत असेल तर नको म्हणा. मूल रडत असेल तरीही नको. फोटो राहू दे.

गेलेल्या स्वारांची आठवण कशी ठेवतात?

पहिली आठवण टफ हेडमनने ठेवली. लेन गेला त्याच वर्षीच्या डिसेंबरात, राष्ट्रीय अंतिम स्पर्धेच्या शेवटच्या वळूवर टफने ८ सेकंदं पूर्ण केली, घंटा वाजली, आणि तो उतरला नाही. आणखी आठ, मित्राच्या नावाची. त्या वर्षीचा विश्वविजेता तोच झाला.

पीबीआरच्या जागतिक अंतिम स्पर्धेत सर्वाधिक गुणांच्या स्वारीला लेन फ्रॉस्ट आणि ब्रेंट थर्मन यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. कॅनडाच्या स्वारासाठी ग्लेन कीलीच्या नावाचा पुरस्कार आहे, तर नियमित हंगामातल्या सर्वाधिक गुणांच्या स्वारीसाठी मेसन लोवचा. रोडिओच्या सुरुवातीला कधी कधी एक रिकामा घोडा मैदानातून नेतात, खोगीर चढवलेलं, स्वार नाही. निवेदक नाव घेतो, टोप्या उतरतात. त्या वेळी आपणही उभं राहायचं, मोबाइल खाली ठेवायचा, टाळ्या वाजवायच्या नाहीत.

लेन फ्रॉस्टची समाधी कुठे आहे? जाता येतं का?

ओक्लाहोमा राज्यात, टेक्सासच्या सीमेजवळ ह्यूगो नावाचं गाव आहे. तिथल्या माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत. शेजारी फ्रेकल्स ब्राउन, लेनचा गुरू, ज्याने १९६७ मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी टॉर्नेडो नावाच्या तोवर कुणालाही न जमलेल्या वळूवर ८ सेकंदं काढली होती. तो १९८७ मध्ये गेला. दोन वर्षांनी शिष्याला त्याच्या बाजूला ठेवलं. दफनभूमीच्या या भागाला ‘बुल रायडर्स रिप्रीव्ह’, म्हणजे बुल रायडरांचा विसावा, असं नाव आहे. ह्यूगो हे सर्कसवाल्यांचं गाव असल्याने त्याच आवारात त्यांचाही वेगळा भाग आहे, हत्ती कोरलेल्या दगडांचा. डॅलसहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येतं. शायनला, जिथे तो पडला, फ्रंटियर पार्कबाहेर वळूवर स्वार लेनचा ब्राँझचा पुतळा आहे. एक हात मोकळा, हवेत.